माद्यांचा सीझन

गेल्या वर्षी मार्चमध्ये मुलीचा मदतनीस आजारी पडला, म्हणून ती मला दलदलीत घेऊन गेली. म्हणाली, "आई, तू फक्त पिशवी धर आणि माझ्या मागून चाल." घरात बसून मला कंटाळा आलाच होता.

माझी मुलगी मिशिगनच्या उत्तरेला सरकारी खात्यात आहे. हरणांचं काम करते. हरणं किती आहेत, त्यातली किती मारू द्यायची, कधी मारू द्यायची, याचा हिशेब मांडून वरच्यांना सांगायचं, हे तिचं काम. ती ॲन आर्बरला शिकत होती तेव्हाची ओळखीची मराठी माणसं अजून फोन करतात. त्यांची मुलं कॉम्प्युटरमध्ये नाहीतर बँकेत. माझी काय करते हे मी सांगितलं की म्हणतात, "म्हणजे व्हेट, जनावरांची डॉक्टर ना, काकू?" मी हो म्हणून टाकते. समजावून सांगायचं म्हटलं की मला घाम फुटतो. इथे वहीत लिहिताना फुटत नाही.

त्या दलदलीत सीडरची झाडं आहेत, दाट, वर्षभर हिरवी. बर्फ फार झाला की आसपासची सगळी हरणं त्या झाडांखाली येऊन राहतात. तिथे बर्फ कमी पडतो आणि पालाही खाता येतो. मी पाहिलं तेव्हा माझ्या डोक्याच्या वरपर्यंत एकाही झाडाला पान नव्हतं. दोरी धरून कापावं तसं सगळं एका रेषेत साफ. हरणं मागच्या पायांवर उभी राहून तोंड पोचेल तिथवर खातात. मोठ्यांचं तोंड पोचतं, पाडसांचं पोचत नाही.

पहिलं पाडस एका खोडाला टेकून बसलं होतं. झोपलंय असंच वाटलं मला. मुलीनं त्याच्या मागच्या पायाचं हाड करवतीनं कापलं आणि आत दाखवलं. मटणाची नळी मी जन्मभर पाहिली आहे, आत पांढरं आणि घट्ट असतं. हे लाल होतं, जेलीसारखं हलत होतं. ती म्हणाली, अंगावरची सगळी चरबी संपली की शरीर शेवटी नळीतली चरबी खातं. मग तिनं पोट उघडलं. पोट भरलेलं होतं. ज्या झाडाच्या पाल्यात काही कस नाही अशा झाडाचा पाला खाऊन त्यानं पोट भरून घेतलं होतं आणि भरल्या पोटी उपाशी मेलं होतं.

अशी बरीच सापडली. येताना गाडीत मी विचारलं की यावर उपाय काय. ती म्हणाली की माद्या फार झाल्यात. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, त्यामुळे नर कितीही मारले तरी वसंतात पाडसं तेवढीच होतात. धष्टपुष्ट मादीला दोन दोन होतात. बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच, काही माद्या कमी केल्या तर उरलेल्यांना हिवाळाभर सीडर पुरेल.

"मग मारत का नाहीत?"

"शेजाऱ्यांना विचार," ती म्हणाली.

शेजारी म्हणजे रस्त्यापलीकडचे म्हातारबुवा. मी मनात त्यांना काका म्हणते. मुलगी त्यांना सरळ नावानं हाक मारते, ते मला अजून खटकतं. बायको जाऊन काही वर्षं झाली, एकटेच राहतात. आम्ही इथे राहायला आलो तो पहिला हिवाळा, घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी बंद पडली होती आणि मुलगी कामावर होती. मला इंग्रजी ऐकून कळतं, पण बोलून काही सांगता येईना. मी त्यांच्या दाराशी जाऊन नुसतं कुडकुडून दाखवलं. ते हातातला चहा टाकून आले आणि तासभर तळघरात झोपून भट्टी चालू करून गेले. तेव्हापासून शिकार मिळाली की हरणाच्या मटणाचा एक वाटा आमच्याकडे येतो. मी सुकं खोबरं आणि काळा मसाला घालून रस्सा करते. ते नाक पुसत पुसत खातात आणि पुन्हा वाढून घेतात.

पण मादी मारायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम. त्यांच्या वडिलांनी घालून दिलेला, वडिलांना त्यांच्या वडिलांनी. फार पूर्वी इथली हरणं जवळजवळ संपली होती म्हणे. तेव्हा लोकांनी ठरवलं, शिंगवाला नर मारायचा, मादी सोडायची. त्यानंच हरणं परत आली. मुलगी म्हणते, नियम तेव्हा शंभर टक्के बरोबर होता. आता हरणं ढिगानं झाली तरी नियम तिथेच आहे, आणि देवाधर्मासारखा पाळतात.

एप्रिलमध्ये तिनं ऑक्टोबरात काही दिवस माद्या मारू द्यायच्या, अशा सीझनची योजना तयार केली. मे महिन्यात त्यावर लोकांची सभा होणार होती. मी तिला म्हटलं, सभेच्या आधी काकांच्या घरी जाऊन ये. गावात मोठ्या माणसाच्या विरोधातली गोष्ट चारचौघांत पहिल्यांदा काढत नाहीत. आधी त्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, कानावर घालायची, मग पंचांसमोर न्यायची. म्हणजे तो निदान आडवा येत नाही. मुलगी म्हणाली की तिच्या ऑफिसात असं करत नाहीत. मी म्हटलं, ऑफिसात नसतील करत, शेजारी म्हणून करतात. मी बेसनाचे लाडू केले आणि आम्ही दोघी गेलो.

त्यांच्या फ्रीजवर मॅग्नेट लावून काही कागद टांगलेले होते, दर वर्षाचा एक. मी निरखून पाहतेय हे बघून मुलीनं हळूच मराठीत सांगितलं की ही मादी मारायची परमिटं आहेत. परमिटं मोजकीच निघतात. हे मुद्दाम रांग लावून एक घेतात आणि वापरत नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणाला तेवढं एक मिळू नये. तेवढी एक मादी वाचली. त्यांचे मित्रही असंच करतात. मुलगी हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मला खोडाला टेकून बसलेलं ते पाडस आठवलं.

काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. दोन लाडू खाल्ले. मग म्हणाले की ऑक्टोबरात जंगलात बंदुका वाजल्या तर हरणं शहाणी होतात, नोव्हेंबरात दिवसाउजेडी बाहेरच पडत नाहीत. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर बंदुकीचा सीझन उघडतो त्या पहिल्या सकाळी इथल्या शाळासुद्धा बंद असतात. वर्षभर ही सगळी माणसं त्या एका सकाळची वाट पाहतात. मचाणावर बसायचं, हरणं जाताना बघायची. मारलं नाही तरी चालतं, पण दिसली पाहिजेत.

मुलगी म्हणाली, "दिसतील. फक्त थोडी कमी दिसतील, आणि दिसतील ती चांगल्या अंगाची असतील."

"कमी," ते म्हणाले. नुसतं तेवढंच. मग दारापर्यंत आले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू आधी मला येऊन सांगितलंस, हे बरं केलंस."

घरी येताना मी खूश होते. मुलीला म्हटलं, बघ, आता ते गप्प बसतील.

सभा फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होती. आगीचे बंब बाहेर काढून आत खुर्च्या मांडल्या होत्या, त्या पुरल्या नाहीत. भिंतीला टेकून माणसं उभी, निम्म्यांच्या डोक्यावर शिकाऱ्यांच्या नारिंगी टोप्या. एरवी अशा सभेला चार टाळकी येतात असं मुलगी म्हणाली होती. ती दारातच थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आपल्या शेजाऱ्यांनी फोन केलेत सगळ्यांना."

त्यांनी लपवून काहीच केलं नव्हतं. त्यांच्या मते मुलीनं येऊन सांगितलं म्हणजे तयारी करायला वेळ दिला. ते मला बघून उठले आणि त्यांची खुर्ची देऊ लागले. मी नको म्हणून मान हलवली आणि मागे कॉफीच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. अशा ठिकाणी मला भिंत लागते.

मुलीनं पडद्यावर रेघा दाखवल्या. वर जाणारी रेघ हरणांची, खाली येणारी सीडरची. दलदलीतल्या पाडसांचे फोटो तिच्याकडे होते, नळीचेही होते. पण तिच्या साहेबांनी सकाळीच सांगितलं होतं, फोटो नकोत, लोक भडकतात. मग दाखवल्या रेघा. रेघांनी कुणाला काय वाटणार? एक जण मागून म्हणाला, "ही मोजते तिथे हरणं असतात, मी बसतो तिथे नसतात. हिलाच माझ्या मचाणात पाठवा." हॉल हसला. दुसऱ्यानं विचारलं की कॉम्प्युटरमधल्या हरणाला गोळी कुठे मारायची. पुन्हा हसले. मुलगीही थोडी हसली, हसावंच लागतं म्हणून. मला तिचा राग आला. मी मनात म्हणत होते, बाई ग, हसू नकोस, नळीचं सांग.

मग काका उभे राहिले. टोपी काढून हातात घेतली. मुलीकडे बघून म्हणाले, "ही माझी शेजारीण. हुशार पोर आहे, मेहनती आहे. माझ्या घरी आली, माझ्या टेबलावर बसून मला सगळं समजावलं. हिच्याबद्दल कुणी वाकडं बोलायचं नाही." मग त्यांनी पडद्याकडे हात केला. "पण मी साठ वर्षं जंगलात बसतोय. मागच्या नोव्हेंबरात मला दिवसभरात जेवढी हरणं दिसली, तेवढी लहानपणी सकाळच्या कॉफीच्या आत दिसायची. आहेत तीच कमी आहेत, आणि तुम्ही आया मारायला सांगताय."

टाळ्या पडल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आधी एवढं कौतुक केल्यावर मुलीला काही कठोर बोलता येईना. ती म्हणाली की तुम्हाला कमी दिसतात कारण खालचा पाला संपल्यामुळे हरणं दुसरीकडे चरायला जातात. ती हे इतकं अदबीनं म्हणाली की पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल. मोठ्या माणसाला उलटून बोलायचं नाही, हे तिला घरात शिकवलेलंच आहे. आणि तिथे ते उपयोगाचं नव्हतं.

निर्णय जूनमध्ये आला. साहेबांनी फोन करून मुलीचं अभिनंदन केलं. माद्यांचा सीझन मंजूर झाला होता, परमिटंही तिनं मागितली तेवढी मिळाली होती. फक्त ऑक्टोबरऐवजी जानेवारीत; ठेवायचाच तर तेव्हा ठेवा, असं काकांच्या मंडळींनी मागितलं होतं. म्हणजे नोव्हेंबरची सकाळ कुणाची बिघडायला नको. साहेब म्हणाले की दोन्ही बाजू थोड्या थोड्या नाराज आहेत, म्हणजे निर्णय चांगला आहे.

मुलीनं फोन ठेवला आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

मी विचारलं, "मिळालं ना तुला?"

"आई, जानेवारीत इथे कमरेएवढा बर्फ असतो. जंगलातले रस्ते बंद. नोव्हेंबरात ज्यांचे फ्रीझर भरलेत ते कशाला येतील? आणि तेव्हा सगळी हरणं सीडरमध्ये शिरलेली असतात. तोवर पाला संपत आलेला असतो. आगीनंतर बंब पाठवायचा तसं आहे हे."

मी काकांबद्दल बोलायला लागले. म्हटलं, आपल्या घरचं खाऊन आपल्याच विरोधात माणसं गोळा केली. ती एकदम माझ्यावर उखडली. "त्यांनी मत द्यायचं नाही का? हरणं त्यांचीही आहेत. उद्या हे सगळे रुसून घरी बसले तर माद्या मारणार कोण? मी? तू?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना फसवायचं नव्हतं ग. त्यांना खरंच तसं वाटतं."

तेच तर मला सहन होत नाही. लबाड असते तर मी त्यांच्याशी बोलणं सोडलं असतं आणि सुटले असते. आणि आधी घरी जाऊन सांगणं चूक होतं असं मुलगी म्हणते, ते मला अजून पटत नाही. जायलाच हवं होतं. ज्यानं ऐकलं त्यानं ऐकण्याची लाज ठेवायला हवी होती, एवढंच. पण हे त्यांच्या रीतीत बसत नाही. त्यांच्या रीतीप्रमाणे सगळं सरळच झालं.

नोव्हेंबरात त्यांना शिंगांना आठ टोकं असलेला मोठा नर मिळाला. दुसऱ्या दिवशी ते मटणाचा वाटा घेऊन आले, नेहमीसारखा पांढऱ्या कागदात नीट गुंडाळलेला. दारात उभं राहून त्यांनी हातानं वाटी आणि चमचा करून दाखवलं, म्हणजे रस्सा कधी. मी कपाळाला हात लावून डोकं दुखतंय असं दाखवलं. पुडा फ्रीझरमध्ये खाली टाकला आणि वर मटार ठेवले. त्या महिन्यात ते दोनदा विचारून गेले आणि दोन्ही वेळा माझं डोकं दुखलं. मुलीनं ओळखलं. म्हणाली, "आई, हे फार बालिश आहे." असेल. मला भाषण येत नाही. जे येतं ते मी बंद ठेवलं.

जानेवारीत सीझन उघडला. मारलेली हरणं तपासायचं ठिकाण रस्ते खात्याच्या आवारात होतं. एक शेड, एक टेबल, एक हीटर. शिकारी हरीण घेऊन आला की मुलगी त्याचे दात बघून वय सांगणार, मादी किती पोसलेली आहे ते नोंदवणार. मदतनीस पहिले काही दिवस आला, मग साहेबांनी त्याला दुसरीकडे पाठवलं, इथे कामच नव्हतं. शेवटच्या शनिवारी मी तिच्यासोबत गेले, तेवढीच सोबत. थर्मासमध्ये चहा, डब्यात थालीपीठ. रात्रभर बर्फ पडला होता आणि आवारात गाडी शिरायलाही जागा नव्हती. आम्ही रस्त्यावर गाडी लावून चालत आत गेलो.

दुपारपर्यंत एकही गाडी थांबली नाही. मुलगी टेबलावरचं सामान पुन्हा पुन्हा सरळ करत होती. एक ट्रक हळू झाला तशी ती उठून उभी राहिली. त्याला पेट्रोल पंप कुठे ते विचारायचं होतं.

मग काकांचा पिकअप आला. पुढे बर्फ ढकलायचं मोठं पातं लावलेलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं आवार साफ केलं, चांगला अर्धा तास, कोपरेसुद्धा सोडले नाहीत. हरणं घेऊन येणाऱ्या गाड्यांना जागा हवी म्हणून. मुलगी आत फोनवर साहेबांशी बोलत होती, म्हणून मीच चहाचा कप घेऊन बाहेर गेले. काही झालं तरी माणसानं काम केलं होतं.

त्यांनी काच खाली केली, चहा घेतला, रिकाम्या आवाराकडे पाहिलं आणि मान हलवून म्हणाले, "स्नो. टू मच स्नो." म्हणून कुणी आलं नाही, असं.

माझ्या मनात मराठीत सगळं तयार होतं. बर्फ दर जानेवारीत पडतो, हे तुम्हाला माहीत होतं, म्हणूनच तुम्ही सगळ्यांनी जानेवारी मागितलात. तुम्ही स्वतः आज परमिट घेऊन का आला नाहीत? बर्फ ढकलायला आलात, मादी मारायला नाही. पण तोंडातून फक्त "नो" निघालं.

त्यांना वाटलं मला कळलं नाही. त्यांनी कप डॅशबोर्डवर ठेवला, हात बाहेर काढून कमरेएवढं माप दाखवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं एक एक शब्द सुटा करून, मोठ्यानं म्हणाले, "टू. मच. स्नो."

मी म्हटलं, "नो." आणि त्यांच्याकडे बोट केलं. "यू."

मला वाटतं, त्यांना कळलं. चेहरा लाल झाला, पण तो थंडीनंही होतो. त्यांनी चहा संपवला, कप माझ्या हातात दिला, "थँक यू, मॅम" म्हणाले, पातं खाली केलं आणि साफ झालेल्या आवारातून आणखी एकदा गाडी फिरवली. ढकलायला काही नव्हतं. नुसतं लोखंड डांबरावर घासत गेलं.

मी रिकामा कप घेऊन आत आले. मुलीनं फोन ठेवला होता. काका काय म्हणाले, तिनं विचारलं. मी म्हटलं, बर्फ फार आहे म्हणाले.

"तू काय म्हणालीस?"

"मी कसली बोलतेय."

ती खुर्चीवर बसली. साहेबांचं म्हणणं तिनं मला सांगितलं. जानेवारीत सीझन ठेवून पाहिला, लोक आले नाहीत, म्हणजे लोकांना माद्या मारायला नको आहेत, हे सिद्ध झालं. मेमधल्या सभेत तेच मांडायचं. परमिटं पडून राहिली, त्या अर्थी ती जास्त होती, म्हणून पुढच्या वर्षी कमी काढायची. आणि हे मांडायचं कुणी, तर तिनंच.

"आणि तू मांडणार?" मी विचारलं.

"नोकरी आहे आई," ती म्हणाली, आणि टेबलाचे पाय दुमडायला वाकली. मी दुसरी बाजू धरली.